बारा महिन्यांचं अंगण

मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला उभ्या काठीला सावलीच नसते. सूर्य बरोबर डोक्यावर आलेला असतो. जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा तसाच दिवस येतो, फक्त तेव्हा आभाळ भरलेलं असल्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तर माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि दहा फुटी भिंतीची जेमतेम फूटभर सावली दक्षिणेच्या बाजूला पडते. घरामागच्या अंगणात वर्षभर बसता-उठता यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुर्च्या-टेबलांची चित्रं पाहायच्या आधी हे ऊन समजून घ्यावं.

कारण ती चित्रं बहुतेक थंड देशांतली असतात. तिकडे उन्हाळ्याचे चार महिने ऊन अंगावर घ्यायचं आणि हिवाळ्यात मागचं दार लावून घ्यायचं, असा त्यांचा क्रम. म्हणून तिथलं अंगण उघडं, हिरवळीचं, मधोमध फरशी घातलेलं. आपल्याकडे ते जसंच्या तसं उचललं की मार्चपासून फरशी तापते, जूनपासून निसरडी होते आणि हिरवळ मात्र बाराही महिने पाणी मागते. वास्तविक महाराष्ट्रात अंगण बंद ठेवावं असा एकही महिना नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तर बाहेर राहण्याचा राजा हंगाम. मार्च ते मे सकाळ, संध्याकाळ आणि रात्र आपली असते. पावसाळ्यात चार महिने डोक्यावर छप्पर हवं, एवढंच. मात्र या प्रत्येक काळात बसायची जागा वेगळी असते. एकच सुंदर बैठक तयार करून तिथेच वर्ष काढायचा हट्ट धरला की ती बैठक वर्षातले आठ महिने रिकामी राहते. आखायला हवी ती जागांची अदलाबदल.

हिवाळ्यापासून सुरुवात करू. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. तेव्हा दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला नऊ फूट लांब पडते आणि दुमजली घराची अठरा फुटांच्या आसपास. म्हणजे परसदार घराच्या उत्तरेला असेल तर थंडीत घरालगतचा मोठा पट्टा दिवसभर सावलीत, ओलसर आणि गार. सकाळचा चहा उन्हात घ्यायचा तर बैठक भिंतीपासून लांब, पूर्वेचं ऊन जिथे येतं तिथे हवी. तोच भिंतीलगतचा पट्टा मार्चपासून मोलाचा ठरतो. पण मार्च-सप्टेंबरात ती सावली जेमतेम साडेतीन फुटांवर येते आणि मेमध्ये दुपारी नाहीशीच होते. उन्हाळ्याच्या भर दुपारी भिंत कामाची नाही, डोक्यावरच काहीतरी हवं.

आणि ते डोक्यावरचंही चारनंतर कामाचं राहत नाही. मेच्या मध्यावर चार वाजता सूर्य साधारण चाळीस अंशांवर उतरलेला असतो. आठ फूट उंचीचं छप्पर असेल तर पश्चिमेकडून ऊन त्याखाली नऊ फूट आत येतं, पाच वाजता पंधरा फूट. नेमक्या ज्या वेळेला माणसं घरी परततात, पाहुणे येतात, मुलं खेळायला निघतात, त्या वेळेला हजारो रुपयांचं छप्पर डोक्यावर असून तोंडावर ऊन असतं. तिरप्या उन्हाला आडवं छप्पर थोपवत नाही, त्याला उभा आडोसाच लागतो. हा आडोसाही लोक नकाशातली पश्चिम पाहून घालतात. पण मे-जूनमध्ये सूर्य मावळतो तो पश्चिमेपासून जवळपास २५ अंश उत्तरेला. तेव्हा बांबूची तट्टी, चिकाचा पडदा किंवा वेलीची जाळी वायव्येच्या कोपऱ्यापर्यंत वळवून घ्यायला हवी. हिवाळ्यात सूर्य तितकाच दक्षिणेला मावळतो, म्हणजे ती तट्टी तेव्हाच्या हव्याशा संध्याकाळच्या उन्हाच्या आड येतच नाही.

झाडांच्या बाबतीत परदेशी पुस्तकातला एक सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो: पानगळीची झाडं लावा, उन्हाळ्यात सावली मिळेल, हिवाळ्यात ऊन. तिकडे ते खरं आहे. आपल्याकडची कितीतरी झाडं पानं गाळतात ती थंडीमुळे नव्हे तर कोरड्या दिवसांत, आणि ऐन गरजेच्या वेळी निष्पर्ण असतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा अंगावर पान नसतं. देखणा बहावा एप्रिल-मेमध्ये सोन्यासारखा लटकतो, पण त्याच्याखाली बसून पाहा, सावली विरळ. चाफा होळी उलटली तरी उघड्या फांद्यांनी उभा असतो. ही झाडं अंगणातून दिसावीत, पण बैठकीवर नकोत. गुलमोहराचं तर पुढचं आहे: मादागास्करहून आलेलं हे झाड आपल्या वळवाच्या वाऱ्यात फांद्या टाकतं.

ज्यांनी उन्हाळा ओळखलेला आहे अशी झाडं वेगळी. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये भराभर पानं गाळतो आणि गुढीपाडव्याला कोवळ्या पालवीनं आणि फुलोऱ्यानं भरून जातो. पाडव्याच्या प्रसादात ती फुलं आणि पानं येतात, म्हणजे ऊन कडक व्हायच्या आत त्याची छत्री तयार झाल्याची ती वर्दीच असते. करंजही तसाच. मार्चमध्ये मरगळलेला दिसतो आणि एप्रिलमध्ये चकचकीत हिरव्या पानांनी इतका दाट होतो की त्याच्याखालची जमीन दुपारीही गार लागते. कोकणात आणि घाटमाथ्याच्या आसपास फणस, आंबा, बकुळ. बकुळीला वेळ लागतो, पण तिची सावली बारमाही आणि पावसाळ्यातही पानांचा फार कचरा नाही. ज्यांच्याकडे जागा लहान आहे त्यांनी सीताअशोक पाहावा. वड, पिंपळ, उंबर कितीही प्रिय असले तरी घराच्या पायाजवळ नकोत. माडाखाली बाक ठेवू नये, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही, पण शहरातून येऊन घर बांधणाऱ्यांना मुद्दाम सांगावं लागतं.

झाडाची सावली यायला आठ-दहा वर्षं लागतात. तोवर काय? याचं उत्तर कोकणानं पूर्वीच शोधून ठेवलं आहे, आणि मला ते आपल्या घरबांधणीतल्या सर्वांत हुशार गोष्टींपैकी एक वाटतं: मांडव.

पाऊस सरला की दिवाळीच्या आसपास खळं करायला घेतात. पावसानं धुपलेली, गवत माजलेली जमीन खणून, ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपणीनं ठोकून ठोकून सपाट करतात आणि शेणानं सारवतात. तुळशीच्या लग्नापर्यंत खळं तयार हवं. मग दुबेळक्याच्या मेढी पुरायच्या, त्यांवर बांबू आडवे टाकायचे, पोफळीच्या उभ्या चिरलेल्या पट्ट्या अंतरावर बांधायच्या आणि वर झावळ्या किंवा झाप. झाप म्हणजे झावळी मधोमध चिरून, पाण्यात भिजवून, पात्या एकमेकांत विणून केलेली चटई. हे सगळं सुंभानं बांधलेलं, एकही खिळा नाही. या खळ्यात सुपारी वाळते, आमसुलं होतात, उन्हाळ्यात मांडवावर फणसाची साठं आणि आंबापोळी चढते. खाली मुलांचे अभ्यास, बायकांच्या गप्पा, लग्नाच्या पंगती. मग मृग नक्षत्राच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, मांडव उतरवला जातो. वासे पडवीत रचून ठेवायचे, जुने झाप न्हाणीच्या चुलीत.

आता त्यात विज्ञान काय आहे ते पाहा. झावळी पातळ आहे, ती उष्णता साठवून ठेवत नाही. तिच्यात फटी आहेत, त्यामुळे खालची तापलेली हवा वर निघून जाते. पत्र्याचं तसं नाही. पत्रा उन्हानं तापतो आणि ती उष्णता खालच्या माणसांच्या डोक्यावर फेकत राहतो. त्याखाली उभं राहिलं की सावली असूनही भाजतं. पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याखाली ऊन आत येतं आणि गरम हवा बाहेर पडत नाही, म्हणजे दुहेरी त्रास. मांडवाचा दुसरा गुण त्याहून मोठा: तो काढता येतो. पावसाळ्यात आभाळ अंधारलेलं असतं, घरात उजेड कमी येतो. त्या दिवसांत अंगणावर कायमचं छप्पर असेल तर आतल्या खोल्या दुपारीही दिवा मागतात. मांडव उतरला की घराला उजेड परत मिळतो, आणि वादळवाऱ्यात उडून जायला काही उरत नाही.

शहरात झाप मिळणार नाहीत, पण तत्त्व उचलता येतं. कायमचा सांगाडा लोखंडी पाइपचा किंवा जाड बांबूचा करावा आणि वरचं आच्छादन हंगामी ठेवावं: शेतीसाठी मिळणारी शेडनेट, जाड कापड, बांबूच्या तट्ट्या. कायमचं छप्पर घालायला गेलं की बांधकाम परवानगीचा प्रश्न उभा राहतो, तोही यात बराच टळतो. वेल चढवायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत दुधी किंवा घोसाळी पेरावी. पाणी नीट घातलं तर एप्रिलमध्ये मांडव झाकतो आणि डोक्यावर भाजी लोंबते. कायमच्या वेलीत मधुमालती जोमदार आहे, पण दरवर्षी पावसाळ्यानंतर छाटली नाही तर सांगाडा वाकवते.

पावसाळ्याची बैठक मात्र घराला चिकटूनच हवी, आणि तिथे उंचीचा हिशेब चुकवू नये. वाऱ्यानं पाऊस ४५ अंशांत तिरपा आला, आणि कोकणात तो तसा रोज येतो, तर सात फूट उघड्या बाजूतून तो सात फूट आत पोचतो. म्हणून जुन्या घरांच्या पडवीचं छप्पर बाहेरच्या कडेला इतकं खाली आणलेलं असतं की उंच माणसाला वाकून शिरावं लागतं. त्यात गैरसोय दिसते, पण तेवढ्यानेच आतली धान्याची पोती आणि झोपाळा कोरडा राहतो. आज नवीन बंगल्यांत दहा फूट उंच, सुंदर, उघडे व्हरांडे असतात आणि जुलैमध्ये तिथल्या खुर्च्या प्लास्टिकनं झाकून ठेवलेल्या असतात. नैर्ऋत्य आणि पश्चिमेचा वारा हा पावसाचा वारा. त्या बाजूला छप्पर खाली उतरवावं किंवा चार महिन्यांपुरत्या तट्ट्या बांधाव्यात. पूर्वेची बाजू उघडी राहिली तरी चालते.

पाण्याचं गणित सोपं आहे आणि ते पाठच करावं: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला तर दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. पन्हाळीचं हे पाणी अंगणात मोकळं सोडायचं की विहिरीकडे, टाकीकडे, शोषखड्ड्याकडे न्यायचं, हे अंगणाला उतार देण्याआधीच ठरतं. उतार घरापासून बाहेर, मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर. त्याहून कमी दिला तर पाणी साचतं, जास्त दिला तर खुर्ची डुगडुगते.

जमीन सगळी फरशीनं बंद करू नये, असं मी अगदी कळकळीनं सांगेन. शहाबादी आणि सिमेंटचे ब्लॉक दिवसा तापून ती उष्णता रात्री दहापर्यंत परत देतात, शिवाय पाणी मुरू देत नाहीत. चालण्याच्या वाटा तेवढ्या पक्क्या कराव्यात. कोकणातली जांभ्याची पाखाडी यासाठी नमुनेदार आहे: चिरा खडबडीत, सच्छिद्र, पाय घसरत नाही. फक्त श्रावणापर्यंत त्यावर शेवाळ धरतं, तेव्हा चुना टाकून घासावं लागतं. बाकी जमीन मुरूम टाकून धुमसलेली, कुठे खडी, कुठे झाडांचं आळं. आणि न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे केळी, अळू, कर्दळ. आपल्या आज्यांनी सांडपाण्याची ही सोय परसात लावून ठेवली होती, तिला कुठलीही सुधारणा लागत नाही.

उन्हाळ्यात अंगण गार करण्याची पद्धत मात्र प्रांताप्रांतानुसार वेगळी आहे, आणि इथे सरसकट सल्ला फसतो. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता शोषतं, तेवढ्या उष्णतेत सातएक लिटर पाणी उकळीला येईल. विदर्भात मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पण हवा कोरडी असते. तिथे संध्याकाळी अंगणात सडा मारला, वाळ्याची ताटी भिजवली की पाणी झपाट्यानं उडतं आणि हवा खरोखर गार होते. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमिनीची उष्णता वर निघून जाते, म्हणून बाज अंगणात टाकून झोपणं हा नागपूर-चंद्रपूरकडचा शहाणपणा. गच्चीचा स्लॅब तापलेला असतो, मातीचं अंगण नाही. कोकणपट्टीत आणि मुंबईत हाच सडा उलटा पडतो. हवा आधीच दमट, पाणी उडत नाही, चिकचिक तेवढी वाढते. तिथे वारा हेच औषध. म्हणून कुंपणाची भिंत छातीएवढी ठेवावी किंवा जाळीची करावी, समुद्राकडून येणारी वाट झाडांनी अडवू नये, आणि मांडवाला पंखा टांगायची सोय ठेवावी.

पंख्याचा दुसरा उपयोग डासांसाठी. डास दुबळा उडणारा, साध्या टेबलफॅनच्या वाऱ्यातही त्याला माणसापर्यंत पोचणं जड जातं. पण मूळ कारण पाणी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कुंड्यांखालच्या बशा, पक्ष्यांसाठी ठेवलेली पाण्याची थाळी, झाकणं, करवंट्या सगळं उपडं करून कोरडं करायचं. हौदात गप्पी मासे सोडावेत. दिव्यांचंही तसंच. पांढऱ्या-निळसर दिव्यावर किडे फार येतात, पिवळ्यावर कमी. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे झुंडीनं येतात, तेव्हा एक प्रखर दिवा बैठकीपासून दूर लावून बैठकीत मंद पिवळा दिवा ठेवला की जेवण सुखानं होतं. लाकडं, विटा, नारळाची सोडणं यांचे ढीग बैठकीजवळ आणि वाटेच्या कडेला रचू नयेत. कोकणात चिऱ्यांच्या आणि दगडांच्या फटींत फुरशासारखा विषारी साप असतो, आणि रात्री वाटेवर उजेड हवा तो याच्यासाठी.

थंडीसाठी विस्तवाचा एक कोपरा मुद्दाम राखावा. देशावर हुरड्याचे दिवस आले की जमिनीत छोटी आगटी खणून गोवऱ्या पेटवतात, निखाऱ्यावर ज्वारीची कणसं भाजून गरम गरम हातावर चोळतात. रायगडाकडे पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरून मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा. दोन्हींना लागते ती उघडी माती, वर फांद्या नकोत, जवळ मांडव नको. हिवाळ्यातला वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, म्हणून माणसं आगटीच्या ईशान्येला बसली तर धूर त्यांच्यापासून दूर जातो. एवढ्या एका गोष्टीनं अख्खी संध्याकाळ सुधारते.

हे सगळं मोठ्या वाड्या-वस्त्यांनाच शक्य आहे, असं कुणाला वाटेल. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला जी वसाहत उभी केली ती त्यासाठी पाहावी. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीची घरं, प्लॉट लहान, तरीही प्रत्येक घराला स्वतःचं उघडं आकाश. आणि सात घरांच्या मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं एक सामायिक अंगण. कोरिआ आयुष्यभर सांगत राहिले की आपल्या हवामानात उघडी जागा ही खोलीच असते, तिला क्षेत्रफळात मोजलं पाहिजे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घराच्या नकाशात अंगण हे उरलेल्या जागेचं नाव असतं. ते पहिल्या रेषेपासून खोली म्हणून काढलं, तर पंधरा बाय वीस फुटांतही हिवाळ्याची उन्हाची जागा, उन्हाळ्याची सावली आणि पावसाची पडवी बसते.

नवीन आखायला घेणाऱ्यांनी कामाचा क्रम एवढा पाळावा. डिसेंबरच्या अखेरीस सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता सावलीच्या कडा जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखाव्यात, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. हेच मेमध्ये पुन्हा करावं. जूनमध्ये पाणी कुठे साचतं ते पाहावं. झाडं पहिल्या पावसात लावून टाकावीत, त्यांना वेळ लागतो. उतार आणि पन्हाळी दिवाळीनंतर, मांडवाचा सांगाडा त्यानंतर, खुर्च्या सर्वांत शेवटी. आणि पाखाडी किंवा फरशी घालताना तिच्या खालून दोन रिकामे पाइप आधीच टाकून ठेवावेत, एक विजेच्या वायरसाठी, एक पाण्यासाठी. पुढे मांडवाला दिवा, पंखा किंवा नळ हवा झाला की घातलेली वाट उखडावी लागत नाही.